डाख, झाळ आणि सोल्डर : एका न नोंदलेल्या वाचनाविषयी

मराठी वाचनसंस्कृतीचा इतिहास सांगताना आपण काही ठरावीक स्थळांची नोंद घेतो : नगर वाचनालये, मासिके, दिवाळी अंक, व्याख्यानमाला, अलीकडच्या काळातली संकेतस्थळे. या नोंदीत एक वाचन सहसा आढळत नाही. १९७० आणि १९८० च्या दशकांत पुण्या-मुंबईत आणि इतरही शहरांत कित्येक घरांच्या माळ्यावर किंवा गॅलरीत शाळा-महाविद्यालयांतली मुले अॅम्प्लिफायर बांधत बसलेली असत. हातात सोल्डरिंग आयर्न, समोर मासिकातून उतरवून घेतलेली सर्किटची आकृती आणि शेजारी सुट्या भागांची कागदी पुडी. आम्ही त्या मुलांपैकी होतो, आणि पुढे आयुष्यभर साहित्य शिकवत आलो. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही असे आम्हांला कधी वाटले नाही. तो छंद म्हणजे वाचनाचेच एक कठोर शिक्षण होते. मराठी साहित्यव्यवहाराने ते आपले मानले नाही आणि त्यामुळे मराठी गद्याचे नुकसान झाले, असे आमचे मत आहे. ते येथे मांडतो.

प्रथम भूगोल. पुण्यात अप्पा बळवंत चौक हे पुस्तकांचे पेठस्थान. तेथून बुधवार पेठेतील पासोड्या विठोबा आणि तपकीर गल्लीचा परिसर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, काही मिनिटांच्या चालीवर आहे. एकाच पिशवीत क्रमिक पुस्तक आणि ट्रान्सफॉर्मर घेऊन घरी येणे आमच्यासारख्यांना सहज शक्य होते. मुंबईत हेच स्थान लॅमिंग्टन रोडचे. त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले तरी सुटे भाग घेणाऱ्याच्या तोंडी ते क्वचितच येते. १९६९ मध्ये दिल्लीहून ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ हे इंग्रजी मासिक निघू लागले. त्याचे जुने अंक रद्दीच्या दुकानातून हातोहात फिरत. एका अंकातली आकृती पाचसहा वह्यांमध्ये उतरत असे, आणि हस्तलिखितांच्या परंपरेत होते तसे प्रत्येक प्रतीत काहीतरी बदलत असे. कोणी रेझिस्टन्सची किंमत चुकीची उतरवी, कोणी हाताशी असलेल्या भागानुसार मुद्दाम बदली. पाठचिकित्सा या शब्दाची ओळख होण्याच्या कितीतरी आधी दोन वह्या शेजारी ठेवून मूळ पाठ कोणता असावा, याचा वाद आम्ही घातला आहे.

बांधायचे काय? बहुतेकांची सुरुवात एखाद्या लहान आयसीपासून होई. ‘एलएम-३८६’ ही आठ पायांची आयसी एका लहान बॅटरीवर चालते. ती मूळ सिग्नल २० पट वाढवते. पहिल्या आणि आठव्या पायांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला की तीच २०० पट वाढवते. त्यापुढची पायरी म्हणजे सुमारे सात वॅटची ‘टीबीए-८१०’. आणि ज्याला खोली भरायची असेल त्याच्यासाठी ‘टू-एन-३०५५’ ही ट्रान्झिस्टरची जोडी. या ट्रान्झिस्टरचे धातूचे कवच हेच त्याचे कलेक्टर असते, म्हणून त्याच्या आणि अॅल्युमिनियमच्या हीटसिंकच्या मध्ये अभ्रकाची पातळ चकती घालावी लागे : उष्णता जावी, पण वीज जाऊ नये. तांब्याच्या पत्र्याच्या बोर्डावर नेलपॉलिशने रेषा काढायच्या आणि ते बोर्ड फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवायचे. रेषांखालचे तांबे राहते, बाकीचे विरघळते. स्पीकरसाठी लाकडी खोके परवडले नाही तर मातीचा माठ घेत. माठाच्या तोंडावर स्पीकर बसवला की आतल्या हवेच्या अनुनादाने खर्ज भरून येई. तो शास्त्रशुद्ध होता असे नाही, पण ऐकवत असे.

आता वाचनाकडे येऊ. सर्किटची आकृती हा एक संहितेचा प्रकार आहे आणि त्याला संकेत आहेत. सिग्नल डावीकडून उजवीकडे जातो. धन पुरवठा वर असतो, ग्राउंड खाली. समांतर रेषा, नागमोडी रेषा, बाण यांना ठरलेले अर्थ आहेत. नवशिक्याला वाटते की आकृती म्हणजे नकाशा : जे जेथे काढले आहे ते तेथेच बसवायचे. प्रत्यक्षात आकृती जागा सांगतच नाही; ती फक्त नाते सांगते. कोणता भाग कोणाशी जोडला आहे एवढेच तिच्यात असते. तो बोर्डावर कोठे बसवावा, तार किती लांब ठेवावी, ट्रान्सफॉर्मरपासून किती दूर जावे, हे सारे वाचकावर सोडलेले असते. संहितेतील रिकाम्या जागा वाचक भरतो, हा सिद्धान्त आम्ही पुढे वर्गात अनेकदा शिकवला. त्याचे याहून नेमके उदाहरण आम्हांला मिळालेले नाही.

यातले सर्वांत बोधप्रद चिन्ह म्हणजे ग्राउंड. आकृतीत ते दहा ठिकाणी येते आणि दहाही ठिकाणी सारखेच दिसते. कागदावर ते एकच आहे. बोर्डावर मात्र ते एक नसते, कारण दोन ग्राउंडना जोडणाऱ्या तारेला स्वतःचा अल्पसा रोध असतो. आकृतीबरहुकूम बांधलेल्या, एकही जोड कच्चा नसलेल्या अॅम्प्लिफायरमधूनही घरघर ऐकू येते, ती यामुळे. पुरवठ्याचा मोठा कपॅसिटर सेकंदाला शंभर वेळा झटक्याझटक्याने भरला जातो. त्या झटक्यांचा प्रवाह ज्या तारेतून जातो त्याच तारेवर इनपुटचे ग्राउंड टेकवले, तर त्या तारेत निर्माण होणारा बारीकसा दाब मूळ सिग्नलमध्ये मिसळतो आणि त्याच्याबरोबर तोही शंभरपट वाढून बाहेर येतो. उपाय साधा आहे : सगळे ग्राउंड कपॅसिटरच्या ऋण टोकाजवळ एका बिंदूत आणायचे. आकृतीत त्यामुळे काडीचाही फरक पडत नाही. आवाजात पडतो. एकच शब्द कवितेत दोन जागी आला की तो दोन्ही जागी तोच असतो का, हा प्रश्न ज्याने ग्राउंडची तार एकदा हलवून पाहिली आहे त्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

घरघर हीसुद्धा वाचायची गोष्ट आहे. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून किंवा उघड्या इनपुट तारेतून शिरलेली घरघर ५० ची असते. डायोडच्या पुलानंतर पुरवठ्यात उरलेला तरंग १०० चा असतो. शंभर म्हणजे पन्नासाच्या बरोबर एक सप्तक वर. त्यामुळे ज्याच्या कानावर तंबोऱ्याचे संस्कार आहेत त्याला यंत्राविना सांगता येते की दोष तारेत शोधायचा की कपॅसिटरमध्ये. आम्हांला हे एका दुकानाच्या बाकड्यावर बसलेल्या मेस्त्रींनी शिकवले. त्यांनी झाकण उघडण्यापूर्वी नुसते ऐकले, आणि ‘वरचा सूर आहे, कंडेन्सर बघा’ एवढेच म्हणाले. समीक्षेत ज्याला लक्षणावरून कारणाकडे जाणे म्हणतात, ते हेच.

दुसरे उदाहरण कानाचेच. मोठ्या अॅम्प्लिफायरमध्ये लहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो आणि खालचा अर्धा दुसरा. प्रत्येकाला जागे होण्यासाठी सुमारे ०.६ व्होल्ट लागतात. एकाने काम सोडले आणि दुसऱ्याने अजून घेतले नाही, अशी एक फट हस्तांतराच्या जागी राहते. गंमत अशी की मोठ्या आवाजात ही फट जाणवत नाही. लहर मोठी असल्यामुळे ती झाकली जाते. आवाज कमी केला, संथ आलाप लावला, की सुराच्या कडा खरबरीत होतात. दोन डायोड घालून दोघांनाही किंचित जागे ठेवले की फट बुजते. पाहुण्यांसमोर अॅम्प्लिफायर मोठ्याने वाजवून दाखवणारा आणि रात्री हळू लावून ऐकणारा, हे दोन वेगळे श्रोते आहेत. कृती तिच्या गजरात नव्हे, तिच्या मंद जागांत तपासावी, ही शिस्त आम्हांला डायोडांनी दिली. तीच पुढे कादंबरी वाचताना उपयोगी पडली.

या शिक्षणाचे मर्म असे की येथे संहिता वाचकाला उत्तर देते. चुकीचे वाचन केले की शांतता मिळते, किंवा धूर मिळतो. साहित्याच्या वर्गात चुकीच्या वाचनाला असा दंड नाही. आम्ही अर्थातच असे म्हणत नाही की कवितेचे वाचन सर्किटसारखे बरोबर किंवा चूक असते. कविता वाजत नाही म्हणून ती फेकून देता येत नाही, आणि तिचे दोन अर्थ एकाच वेळी खरे असू शकतात. पण आपल्या अर्थनिर्णयाला काहीतरी प्रतिकार करू शकते, वाचकाची इच्छा संहितेला बांधील आहे, ही जाणीव ज्या विद्यार्थ्याला कधीच झालेली नाही, त्याच्या समीक्षेत शब्द फार आणि पकड कमी असते. हा आमचा अनेक वर्षे उत्तरपत्रिका तपासल्याचा अनुभव आहे.

येथे गद्यप्रकाराचा प्रश्न येतो. १९४७ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत ब्रिटनच्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी एका व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरची रचना मांडली. त्याच मासिकात १९६९ मध्ये जॉन लिन्स्ले हूड यांनी दहा वॅटच्या साध्या ट्रान्झिस्टर अॅम्प्लिफायरची रचना दिली. जगभरच्या छांदिष्टांनी त्या बांधल्या आणि आजही बांधतात. हे नुसते तांत्रिक लेख नव्हते. काय साधायचे आहे, कोणत्या पर्यायांचा विचार केला, कोणता का सोडला, वाचकाने कोठे सावध राहावे, हे ओघाने सांगणारा तो एक निबंधप्रकार होता. असे गद्य मराठीला झेपत नाही म्हणावे तर १९७० साली आलेले कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ समोर आहे. वाटी आणि चमचा यांच्या मापाने, न पाहिलेल्या वाचकाच्या हातून पदार्थ घडवून आणणारे ते मराठी आहे. कृती सांगणारे गद्य म्हणून त्याचा अभ्यास आपल्या किती विभागांत होतो? रेडिओदुरुस्तीची मराठी पुस्तके नव्हती असे नाही. अप्पा बळवंत चौकातच ती मिळत. पण त्यांना गद्य म्हणून कोणी वाचले नाही. आणि जे साहित्यिक म्हणवत त्यांपैकी बहुतेकांना हाताच्या कामाचे वर्णन हे आपले काम वाटले नाही. आपल्या कथेत पात्र ‘रेडिओ दुरुस्त करत बसलेले’ असते. तो काय करतो आहे, त्याची नजर कोठे आहे, कोणत्या वासावरून तो थबकला, हे लेखकाला बहुधा सांगता येत नाही.

यामागे भाषेची एक जुनी फट आहे. सोल्डरिंगला मराठीत शब्द नव्हता असे मानण्याचे कारण नाही. धातूचे जोड सांधणाऱ्या कारागिरांकडे ‘डाख’ होता, ‘झाळणे’ होते, राळ होती. पण पेठेतल्या वाड्यात बसलेल्या मुलाचे आणि भांड्याला डाख लावणाऱ्या कारागिराचे बोलणे एवढे तुटलेले होते की मुलाने तीच क्रिया इंग्रजीतून नव्याने शिकली. जातीने हात आणि डोके वेगळे केले, हे विधान आपण पुष्कळदा ऐकतो. त्याचा शब्दकोशातला पुरावा हवा असेल तर तो येथे आहे. वरून पाठ्यपुस्तकांनी ‘धारित्र’ आणि ‘रोध’ दिले. खालून बाजाराने ‘कंडेन्सर’ आणि ‘रेझिस्टन्स’ दिले. मधला ‘डाख’ कोणीच उचलला नाही.

तरीही बाजारात जे बोलले जात होते ते मराठीच होते, आणि भाषेच्या विद्यार्थ्याने ते कान देऊन ऐकावे असे होते. नामे परकी, पण क्रियापदे घरची. कंडेन्सर फुगतो. ट्रान्झिस्टर उडतो. रेझिस्टन्स तापतो आणि काळा पडतो. आवाज फाटतो, बसतो, चिरकतो. चेसिस शॉक मारते. जोड वरून चकचकीत दिसत नसेल, दाणेदार आणि मळकट असेल, तर ‘ड्राय सोल्डर’ झालेले असते, आणि हलवल्याबरोबर आवाज येतो-जातो. लिंगही भाषेने आपल्या स्वभावानुसार वाटून दिले : तो डायोड, ती आयसी, ते सर्किट. हे कोणी ठरवले? कोणत्याही समितीने नाही. परिभाषेच्या वादात आपण पन्नास वर्षे नामांवर भांडलो. भाषा जगते ती क्रियापदांवर, ही गोष्ट त्या गल्लीत रोज सिद्ध होत होती आणि तिची टिपणे कोणीही ठेवली नाहीत.

या छंदाचे गुणगान करताना तो कोणाचा होता हेही सांगितले पाहिजे. तो बहुतांशी मुलग्यांचा होता, आणि ज्यांच्या घरात रिकामी दुपार व थोडे पैसे होते अशांचा होता. बहिणींना त्या गॅलरीत जागा नव्हती. आणि त्याच काळात, १९७३ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सीप्झमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या जुळणीच्या कामावर मोठ्या प्रमाणावर तरुण स्त्रिया होत्या. भाऊ घरी हौसेने जे करत, तेच काम त्या रोजीरोटीसाठी करत होत्या. बारीक काम, ताणलेली नजर, राळेचा धूर. कामाचा तपशील मराठी गद्यात आलाच नाही असे नव्हे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’त बलुतेदारांची कामे आणि त्यांचे शब्द नोंदवले. १९७८ च्या ‘बलुतं’मध्ये दया पवारांनी ते जग आतून सांगितले. श्रम भोगलेल्या माणसाच्या हाती लेखणी आली की तपशील आपोआप येतो. मग आमच्यासारख्यांच्या, ज्यांच्या हाती लेखणीही होती आणि सोल्डरिंग आयर्नही, त्यांच्या वर्गाने या कामाविषयी मौन का पाळले? आमचे उत्तर असे की छंद म्हटल्याबरोबर ते काम गंभीर राहत नसे, आणि काम म्हटल्याबरोबर ते साहित्यिक राहत नसे. सीप्झमधल्या बायकांच्या बाबतीत तर दोन्ही दारे बंद होती.

कोणी म्हणेल की ही निव्वळ स्मरणरंजनाची बाब आहे; तो काळ गेला. तो पुष्कळसा गेला हे खरे. आज फोनमधले भाग इतके सूक्ष्म आहेत की साध्या आयर्नने त्यांना हात लावता येत नाही, आणि तयार अॅम्प्लिफायरचे लहान बोर्ड अगदी स्वस्तात घरपोच मिळते. पण दुरुस्तीचे ज्ञान संपलेले नाही. गावोगावचे कारागीर आज आपल्या बोलीत दुरुस्तीची चलच्चित्रे टाकतात, आणि त्यांत वर सांगितलेली क्रियापदे जिवंत ऐकू येतात. चित्र समोर असल्यामुळे त्यांना ‘हे इथून काढायचं, असं लावायचं’ एवढ्यावर भागवता येते. दाखवता येत नाही तेव्हा शब्दांनी दाखवावे लागते. ती जबाबदारी गद्याची आहे आणि ती अजून कोणी घेतलेली नाही. शिवाय वेळ थोडा आहे. त्या बाकड्यांवर बसणारी पिढी आता वृद्ध झाली आहे.

म्हणून आमची सूचना मराठी विभागांना आहे, विज्ञान विभागांना नव्हे. पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्यांना तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडवर पाठवावे. एकेका कारागिराच्या बोलण्यातली क्रियापदे, लिंगे आणि उपमा लिहून घ्याव्यात. भांड्यांना डाख लावणारे जे उरले असतील त्यांच्याकडेही जावे आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवाव्यात. सीप्झमध्ये काम केलेल्या स्त्रियांचे कथन, त्या सांगतील तर, त्यांच्याच शब्दांत उतरवावे. आणि लेखनकौशल्याच्या पत्रिकेत निबंधाऐवजी एक प्रश्न ठेवावा : एलएम-३८६ वापरून बॅटरीवर चालणारा लहान अॅम्प्लिफायर कसा बांधावा, हे आकृती न काढता मराठीत लिहा. उत्तर दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावे आणि त्याने केवळ त्या मजकुरावरून बांधावे. नऊ व्होल्टच्या बॅटरीत कोणाला इजा होण्याजोगे काही नाही, आणि खर्च एका पुस्तकाहून कमी येतो. गुण देण्यासाठी परीक्षकाने फक्त ऐकायचे आहे.